निलोफरचे सांधे

नलूचं लग्न १९८८ च्या माघात झालं. तिची पाचपरतवण, म्हणजे लग्नानंतरची माहेरची पहिली फेरी, उरकली, तिला तिच्या घरी पोचवलं आणि होडीने मी शिरवण्याच्या धक्क्याला उतरले, तर आमच्या मांगरातून कुठल्याशा लाँचचा मागचा भाग बाहेर आलेला. मांगर म्हणजे होड्या बांधायची आमची माडाच्या झापांची शेड. तीत मच्छीमारांच्या होड्या मावायच्या. ही मावत नव्हती.

माझे सासरे बाबली मेस्त तिला दोन्ही हात टेकून उभे होते. ऐंशी वर्षांचे झाले होते, आणि दोन वर्षांपूर्वी डोळे पार गेले होते. पण पावलांवरून माणूस ओळखायचे.

"इलंस?" ते म्हणाले. "नलू रडली?"

"ती नाय. मीच."

"बरा. आता हंय ये आणि हिका हात लाव."

मी हात लावला. रंगाची पापुद्र्यासारखी सालं निघत होती, वर कोंबड्यांची घाण वाळलेली. पण खालचं सागवान हाताला असं लागलं की मी हात काढलाच नाही. एकेक फळी नाकापासून मागपर्यंत वळत गेलेली, अंगावरून पाणी ओघळावं तशी.

"हिचो पठाण माझ्या बापाशीन घातलो," मामंजी म्हणाले. होडीच्या तळाचा जो मुख्य कणा, त्याला आम्ही पठाण म्हणतो. "आणि वांक बसवूक मी होतंय. साठ वर्सां झाली." वांक म्हणजे तिच्या फासळ्या.

शिडी लावून मी आत उतरले. उतरले आणि तिथेच थांबले. आत अंधार होता आणि त्या अंधारात सगळीकडे उजेडाच्या रेघा होत्या. अकरा वर्षं ही लाँच एका माडाच्या बागेत कोरड्यात पडून होती. लाकूड सुकून आकसलं होतं आणि दोन फळ्यांच्या मधल्या प्रत्येक सांध्यातून ऊन आत येत होतं. वरपासून खालपर्यंत, नाकापासून मागपर्यंत. कुणीतरी उजेडाचीच होडी बांधली आहे आणि लाकूड नावापुरतं लावलंय, असं दिसत होतं. मी माझ्या हाताकडे पाहिलं, तर त्याच्यावरही रेघा.

"काय दिसता गो?" बाहेरून मामंजींनी विचारलं.

"सगळा दिसता," मी म्हटलं. "धक्को सुदिक दिसता."

ते हसले. "मगे काम आसा तर."

लाँचचं नाव निलोफर. एका संस्थानिकाने ती स्वतःच्या हौसेसाठी बांधून घेतली होती. अठ्ठेचाळीस फूट लांब, काचेच्या खिडक्यांची केबिन, पितळेचे कठडे. संस्थान गेल्यावर तिच्यावरून खाडीत माणसं वाहिली, मग मीठ वाहिलं, मग नारळ, मग इंजिन विकलं गेलं आणि शेवटी तिच्यात कोंबड्या ठेवल्या. आता ती दळवीसाहेबांनी आणली होती. तीस वर्षं मोठ्या जहाजांवर इंजिनाचं काम करून ते घरी परतले होते. त्यांचे वडील याच निलोफरवर इंजिन चालवायचे.

साहेबांचा मुद्दा एकच होता. त्यांची आई पंचाहत्तर वर्षांची, काळीज थकलेलं. ती पावसाळा काढील असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हता. लग्न होऊन ती या लाँचमधून खाडीपलीकडून आली होती. तिला एकदा त्याच लाँचमधून पलीकडे जायचं होतं.

"वैशाखी पौर्णिमेचं उधाण," साहेब म्हणाले. "त्या भरतीला उतरली तर उतरली. पुढच्या अमावास्येला वारा फिरतो. मग नारळी पौर्णिमेपर्यंत विसरा. आणि तोवर आई..." ते थांबले.

"उतरतली," मामंजी म्हणाले. "सांधे जयवंती भरतली."

तिथे हरी तांडेल उभा होता, आमच्या वाडीतला. तो म्हणाला, "मेस्तानू, एवढी मोठी लाँच बायलमाणसाच्या हातात देतास?"

"पाण्याक काय बायल-दादलो कळता?" मामंजी म्हणाले.

जयवंती म्हणजे मी. सांधे भरायचं काम मी नवऱ्याकडून, वासुदेवकडून, शिकले होते. कापूस तेलात भिजवून त्याची वात वळायची, ती बोथट छिन्नीने सांध्यात घालायची आणि लाकडी मोगरीने ठोकायची. वर राळेचा लेप. वासुदेव गेल्यापासून मामंजी मला फक्त लहान होड्या देत. आठ दिवस वर ओढलेल्या, पुन्हा पाण्यात जाणाऱ्या, कधी न सुकणाऱ्या. चौदा वर्षं. मोठं काम आलं की ते मालवणहून माणूस बोलवायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. बाई म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. निलोफर हे माझं पहिलं मोठं काम होतं. ती पाण्यात कोरडी उभी राहिली असती तर खाडीतल्या सगळ्या होड्या माझ्याकडे आल्या असत्या. नाही तर हरी तांडेल होताच.

वासुदेव १९७३ साली समुद्रात गेला. त्याची होडी रात्रीच्या काळोखात खडकावर आपटून मागच्या डाव्या अंगाला फुटली. दोन माणसं पोहत आली, तो आला नाही. नलू चार वर्षांची होती. तेव्हापासून मी कुठलाही सांधा भरताना एकच गोष्ट मनात धरायची, की आत थेंब येता कामा नये. माझी मोगरी वाडीत दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायची.

पाच आठवडे मी निलोफर ठोकली. दोघी बायका कापूस वळून द्यायच्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून झालेल्या सांध्यासमोर कोळशाची रेघ ओढायची. उजवी बाजू संपली, डावीही संपत आली. दळवीसाहेब रोज येऊन सांध्यांत नख घालून बघायचे. नख जायचं नाही.

"जयवंतीबाई, हे तर लोखंडासारखं झालंय," ते म्हणायचे. मला बरं वाटायचं.

एक दिवस ते आईला घेऊन आले. मनोरमा आजी. खुर्चीवर बसवून चौघांनी आणलं. त्या लाँचकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"ही एवढी लहान होती होय?" त्या म्हणाल्या. "मला तेव्हा राजवाडा वाटला होता."

"तुमी किती वर्षांच्या होतात, आजी?" मी विचारलं.

"सोळा. मी वर कठड्याला धरून उभी आणि नवरा खाली इंजिनाशी. त्याचं तोंडसुद्धा नीट बघितलं नव्हतं. मध्ये कुठेतरी त्याने भोकातून डोकं वर काढलं. सगळं तोंड काळं. म्हणाला, भीती वाटते का? आमचं पहिलं बोलणं ते."

"तुमी काय म्हटलात?"

"नाही म्हटलं. खोटं बोलले." आजी हसल्या, मग त्यांना धाप लागली. साहेबांनी पाणी दिलं. जाताना त्यांनी माझा हात धरला. "पोरी, घाई कर हं थोडी."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी सांगितलं, "माका तिच्याकडे ने. हात फिरवतंय."

मी त्यांना धरून नेलं. पहिल्या सांध्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि नाकाकडून चालत निघाले. मध्येच थांबून बोटाच्या पेराने ठोकायचे. ठण. पुढे जायचे, ठोकायचे. ठण. अर्धी बाजू गेले आणि थांबले. मी वाट बघत होते की आता शाबासकी मिळेल.

"काढ," ते म्हणाले.

"काय काढू?"

"कापूस. सगळा."

मला वाटलं, ते गंमत करतात. "मामानू, पाच आठवडे झाले."

"अकरा वर्सां ह्या लाकूड सुक्या पडला हा. पाण्यात गेला काय पितला. पिला काय फुगतला. तू तेका जागाच ठेवलंस नाय. मगे ता जातला खंय?"

"मगे काय करू?"

"हलको कापूस भर. बोटान दाबूचो, मोगरी लावची नाय. बाकीचा पाणी करतला."

"आणि तोवर पाणी आत इला तर?"

"येवंदे. पयले तीन दिवस तेचेच."

दळवीसाहेब इंजिनाचं काहीतरी पुसत जवळच बसले होते. ते उठून आले. "मेस्त, काय बोलताय? अशी ती बुडेल."

"बुडांदे. बुडान बुडान जातली खंय? धक्क्याखाली चिखल आसा, गळ्याएवढा पाणी."

"मी तीस वर्षं जहाजावर काढली. गळकं जहाज मुद्दाम पाण्यात घालणारा माणूस आज पहिल्यांदा बघतोय."

"तुमची लोखंडाची, सायबानू. लोखंड पाणी पियत नाय."

"आणि माझं इंजिन?"

"इंजिन मगे. आधी लाकूड आपली जागा धरूंदे. आता बसवलास तर हप्त्यान तेचो दांडो वाकडो."

यावर मात्र साहेबांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. पंखा फिरवणारा इंजिनाचा दांडा एका रेषेत लागतो, हे त्यांच्याएवढं कुणाला कळत होतं? लाँचचं अंग फुगून बदललं की ती रेष बदलणार. त्यांनी आधी मामंजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमचं काम आहे," ते मला म्हणाले. "तुम्ही ठरवा."

मी ठरवलं नाही, मी भांडले. साहेब गेल्यावर मी मामंजींना म्हटलं, "लोक हसतीत. बाईच्या हातची लाँच धक्क्यातच बुडाली म्हणतीत. माका परत होडी कोण देतलो?"

"हसांदे."

"तुमचो झील पाण्यानच गेलो ना, मामानू? माका आत थेंब नको."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांचा हात सांध्यावरच होता. त्यांचा ओठ हलला. मला वाटलं, ते काही सांगणार आहेत.

"कापूस काढ, जयू," ते म्हणाले, आणि काठी टेकत घरी गेले.

पौर्णिमेला तीन आठवडे उरले होते. आकडी घेऊन मी माझंच काम उपसायला बसले. ठोकून घातलेला कापूस ओढून काढणं घालण्यापेक्षा वाईट. नखं फुटली. दोघी बायका नव्या वाती वळत होत्या, मी त्या बोटाने भरत होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही काम शिकलेलीच नाही. हरी तांडेल येऊन बघून जायचा. एकदा म्हणाला, "जयवंती, लाँच बांधतंस काय गोधडी शिवतंस?" मी पुढची वात उचलली.

शेवटी मागची डावी बाजू आली. तळाजवळ, जिथे फळ्या वळून आत जातात, तिथल्या तीन फळ्या. मी आकडी लावली आणि माझा हात थांबला. वासुदेवची होडी नेमकी इथेच फुटली होती. खालची जागा, आडवं झोपल्याशिवाय हात पोचत नाही. मामंजींचा तर पोचणारच नव्हता. मी तिथला कापूस काढला नाही. ठोकलेला तसाच ठेवला, वर राळ लावली आणि उठले.

पौर्णिमेला भर दुपारी भरती होती. सगळी वाडी धक्क्यावर. मनोरमा आजी खुर्चीत, डोक्यावर साहेबांनी छत्री धरलेली. ओंडक्यांवरून निलोफर घसरत गेली. नवा पांढरा रंग, पितळ घासून लख्ख. पाण्याला टेकली तेव्हा पुढचं नाक जरा खाली गेलं, मग वर आलं, आणि ती तरंगली. लोकांतून एक आवाज निघाला. मी पण श्वास सोडला.

अर्ध्या तासात ती खाली जायला लागली. घाई नाही, कलणं नाही, सरळ. एखादं जनावर तळ्यात बसावं तशी. पांढरा रंग इंच इंच पाण्याखाली गेला. मग नावाची अक्षरं गेली. मग पाणी कठड्याखालच्या पट्टीला लागलं आणि ती चिखलावर टेकून थांबली. वर फक्त केबिन आणि पितळ.

मग हरी तांडेल म्हणाला, "मेस्तानू, पाण्याक कळला, बायलच ती." काही जण हसले.

मामंजी धक्क्याच्या टोकाला दगडावर बसले होते. "किती रवली वर?" त्यांनी मला विचारलं.

"हातभर."

"झाला. आता तिका कोणी हात लावू नको."

मी आजींकडे बघायचं टाळत होते. पण त्यांनीच बोलावलं. "काय ग, हे असंच असतं?"

"मेस्त म्हणतात, तीन दिवस."

"मग बुडू दे तिला," आजी म्हणाल्या. "मी काही आज मरत नाही."

ओहोटीला पाणी उतरलं की आतलं पाणी सांध्यांतून बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी ते नळांसारखं पडलं, दोन्ही बाजूंनी, शंभर नळ. संध्याकाळी आम्ही उरलेलं उपसलं. पुढच्या भरतीला ती पुन्हा बसली, पण तेवढी खाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आत पाणी गुडघ्याएवढंच भरलं. मी आत उतरून उभी राहिले.

तिथे मी जे पाहिलं ते या वयातही मला नीट सांगता येत नाही. नळांच्या धारा राहिल्या नव्हत्या, दोऱ्या झाल्या होत्या. बारीक, सरळ दोऱ्या, फळीतून येऊन पाण्यात पडणाऱ्या. मी एका दोरीकडे बघत राहिले. ती बारीक होत गेली, तुटली, थेंब थेंब झाली. मग थेंब फळीवरच अडकला, पडला नाही. मी बोट लावलं. सांधा मिटला होता. नख जात नव्हतं. मोगरी नाही, छिन्नी नाही, कुणी काही केलं नव्हतं. शेजारची दोरी तुटली. मग वरची.

वरच्या अंगाला, पाण्याच्या रेषेवर, अजून उजेडाच्या रेघा होत्या. लाकूड पाणी वर ओढत होतं आणि त्या रेघाही खालून एकेक करून जात होत्या. आणि आवाज. आधी मला वाटलं, बाहेर कुणी बोलतंय. मग कळलं, लाकूड बोलतंय. टक. मग लांब कुठेतरी टक. फळी फळीला टेकत होती. साठ वर्षांपूर्वीचं लाकूड, अकरा वर्षं मेलेलं, आणि माझ्या चारी बाजूंनी ते आपली जागा शोधत होतं. मी देवळात कधी इतकी गप्प उभी राहिलेली नाही. पाण्यातच मी हात जोडले. कुणाला, ते माहीत नाही.

वर आले तर मामंजी दगडावर तसेच बसलेले. मी म्हटलं, "मामानू, मिटता."

"मिटतलाच," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता. "आयकू येता?"

"होय."

"माझो बापूस म्हणायचो, आमी फळये जवळ आणून ठेवतंव, इतक्याच. होडी पाणी बांधता."

तिसऱ्या दिवशी भरतीला ती तरंगली. आत पाणी घोट्याएवढं, तेही वाढेना. धक्क्यावर माणसं जमली. हरी तांडेलसुद्धा काही न बोलता बघत होता. दळवीसाहेब आणि मी आत होतो. ते मांडी घालून ओल्या फळ्यांवर हात फिरवत होते, एखाद्या मुलासारखे.

तेव्हा तो आवाज झाला. ढोल फुटावा तसा एकच. लाँच थरथरली. साहेब मागे कोसळले. मी आवाजाकडे वळले. मागे, डावीकडे, तळाजवळ. पाणी तिथून उसळून येत होतं.

मी पाण्यात बसले आणि हात घातला. मधली फळी बोटभर बाहेर गेली होती. तिच्या वरची आणि खालची, दोन्ही फुगल्या होत्या, सांध्यात जागा नव्हती, म्हणून त्यांनी मधलीला बाहेर ढकललं होतं. जाताना ती दोन वांक मोडून गेली होती. जुनं काळं लाकूड, आणि मोडलं तिथे आत पांढरंशुभ्र.

तो पांढरा मोड मी आधी पाहिला होता.

वासुदेवची होडी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला ओढून आणली तेव्हा मी नलूला कडेवर घेऊन उभी होते. मागच्या डाव्या अंगाला फळी बोटभर बाहेर आलेली, आतले वांक मोडलेले, पांढरे. लाकडावर एक ओरखडा नव्हता. खडकावर आपटलेल्या होडीला ओरखडा असतो. फळी आत जाते, बाहेर येत नाही. त्या दिवशी सगळे नुसते उभे होते आणि मामंजींनी वाकून तिथे हात फिरवला होता. तेव्हा त्यांना दिसत होतं. ते उठले आणि म्हणाले होते, "खडक." ते म्हणाले म्हणून सगळे म्हणाले.

ती होडी त्या वर्षी सुकलेली होती. वासुदेवचा पाय मोडला होता, म्हणून ती वर्षभर किनाऱ्यावर उपडी पडून होती. तो बरा झाल्यावर सांधे आम्ही दोघांनी भरले. मागची डावी बाजू माझी होती.

मी बाहेर आले ती कमरेपर्यंत भिजलेली. साहेब आत फटीत पोती कोंबत होते, माणसं धावत होती. मामंजी मांगराच्या सावलीत खांबाला टेकून उभे होते. त्यांनी आवाज ऐकला होता.

"खंयची?" त्यांनी विचारलं.

"मागची. डावी."

"तू ठेवलेलंस."

"होय."

"किती फळये?"

"तीन. दोन वांक गेले."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या हातात कापसाची एक वात होती, ती ते बोटांनी उलगडत होते.

"मामानू," मी म्हटलं, "तेंची होडी खडकावर गेलीच नाय."

त्यांची बोटं वातीवर थांबली.

"नाय," ते म्हणाले.

"मीच मारलंय तेंका."

"तसा बोला नको." ते एकदम मोठ्याने बोलले. मग आवाज खाली आणला. "सुकी होडी पाण्यात फुगता ता तुका म्हायत नव्हता. सुक्या होडयेत काय करूचा, ता तुका कोणी सांगला नव्हता. माका म्हायत होता. पाण्यात घालूच्या आधी मेस्तान हात फिरवूचो असता. त्या दिवशी मी पलीकडे जत्रेक गेलंय, आणि जाताना सांगलंय, घाला पाण्यात, बरी आसा. मोगरी तुझी होती, जयू. हात माझो होतो."

"मगे चवदा वर्सां तुमी बोललास नाय कशाक?"

त्यांनी वात पूर्ण उलगडली होती. कापूस मुठीत धरला.

"तुका नलूक वाढवची होती," ते म्हणाले.

मी तिथेच खाली बसले. रडले का, ते आठवत नाही. एवढं आठवतं की ते जवळ आले, चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओहोटी कधी?"

"साडेसातांक."

"मगे उठ. वांकाक लाकूड बघूया."

उरलेलं काम आम्ही चिखलात झोपून केलं. ते सुद्धा झोपले. ऐंशी वर्षांचा माणूस, आंधळा, ओहोटीच्या चिखलात पाठ टेकून, आणि माझा हात धरून दाखवत होता, कापूस किती दाबायचा. "इतको. बस. हेच्या पलीकडे तुझा काम नाय." सहा दिवस लागले. मग साहेबांनी इंजिन उतरवलं. दांडा एका फेऱ्यात रेषेत बसला.

वैशाख वद्य द्वादशीला सकाळी निलोफर खाडीत निघाली. वारा फिरायला दोन दिवस होते. साहेब इंजिनाशी, मामंजी नाकाजवळ बसलेले, आजी खुर्चीत. मी खाली तळात होते, सांध्यांवर हात ठेवून. खाडीच्या मध्यावर आल्यावर आजी म्हणाल्या, "इंजिन बंद कर रे."

इंजिन थांबलं. लाँच आपसूक पुढे जात राहिली. फळ्यांखालून पाणी गेल्याचा आवाज येत होता, एक बोट अंतरावर, आणि आत येत नव्हतं. बराच वेळ आम्ही चौघं तसेच वाहत होतो.

मग आजींनी वरून विचारलं, "जयवंती, आत पाणी आहे?"

"नाही, आजी."

"अजिबात?"

"हाताला ओल लागते, तेवढीच."

"चल रे मग," त्या मुलाला म्हणाल्या. "पलीकडे ने मला."

मनोरमा आजी त्याच वर्षी श्रावणात गेल्या. बाबली मेस्त १९९० च्या पौषात, घरी, झोपेत गेले. माझे यजमान वासुदेव १९७३ च्या कार्तिकात गेले होते, मी भरलेल्या होडीत.